जावयाचा राब

९ मे २००१
न्साम्बा गाव, लुविंगूच्या वाटेवर

म्वापेच्या आईला,

तुझं पत्र पोचलं. लॉरीच्या क्लीनरनं ते सुक्या मासळीच्या टोपलीत खुपसून आणलं होतं, त्यामुळे उघडण्याआधीच त्याचा सूर कळला.

"बायको शहरात आणि नवरा बायकोच्या आईच्या दारात, असला तमाशा आमच्या कुळात कुणी केला नव्हता," असं तू लिहितेस. आता केला. कुणीतरी पहिला असतोच. तांब्याच्या खाणीत उतरणारा तुझा आजासुद्धा त्या कुळातला पहिलाच होता, आणि त्याला तर गोऱ्या साहेबानं झोपडीमागे कर लावून हाकलत नेलं होतं. मी निदान आपल्या पायांनी आलो.

मी का आलो, याबद्दल तू शेजारणींना काय सांगतेस ते मला ठाऊक आहे. खाण सुटली तसं डोकंही सुटलं. तर एकदाच लिहून देतो. नव्या मालकांनी आम्हाला काढलं तेव्हा मी रडलो नाही. पुढे वर्षभर तुझ्या जुन्या कपड्यांच्या गाळ्यावर उभा राहून गोऱ्यांच्या मेलेल्या आजोबांच्या विजारी गिऱ्हाइकांना हवेत धरून दाखवल्या, तेव्हाही नाही. पण त्या शनिवारी भर बाजारात तू एका बाईला म्हणालीस, "ही विजार घेतलीत तर हा माणूस वर फुकट. धुतलेला आहे." बाजार हसला. मीही हसलो. विनोद चांगला होता, म्हणून तर दुसऱ्या दिवशी लॉरीत बसलो. असा विनोद दुसऱ्यांदा ऐकून घेण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

स्वतःच्या आईच्या गावी का नाही गेलास, असं विचारतेस. गेलो होतो. तिथे गवत आहे. मामा खाणीत गेले, मामेभाऊ खाणीत गेले, आई आपल्या खाणीच्या वसाहतीतच वारली. गवताला मी कोणाचा कोण ते सांगून काय उपयोग? आणि आपल्यात नवऱ्यानं बायकोच्या आईच्या गावी जाऊन राबायचं, ही रीत मी काढलेली नाही. मी फक्त बावीस वर्षं उशिरा निघालो.

तुझ्या न्गांदुमामांनी पहिल्याच संध्याकाळी मला अंगणात बसवून निकाल दिला. मुखिया झाल्यापासून ते खोकतातसुद्धा निकाल दिल्यासारखे.

"लग्न केलंस तेव्हा सासूसाठी एक फांदी तोडली नाहीस," ते म्हणाले.

"शिवणयंत्र पाठवलं होतं, मामा. घोंगड्या पाठवल्या. सायकल पाठवली."

"सायकल झाडावर चढते का?"

गावचा कायदा सरळ आहे. कोरड्या दिवसांत जावयांनी झाडांवर चढून फांद्या तोडायच्या, बायकांनी त्या वाहून राबाचे ढीग रचायचे, आणि ऑक्टोबर संपता संपता मामांचा शब्द आला की गावातल्या सगळ्या राबांना एकदम आग. त्या राखेत नाचणी. "त्या आगीत ज्याचा राब असेल तो आमचा जावई," मामा म्हणाले. "ज्याचा नसेल तो पाहुणा. आणि पाहुणे पावसाआधी जातात."

तेव्हा माझी वाट पाहू नकोस. मला जावई व्हायचंय.

म्वापेचा बाप

२ जून

म्वापेच्या आईला,

काम झकास चाललंय. सध्या मी रान पाहतोय. रान नीट पाहिल्याशिवाय कुऱ्हाड उचलणं हे अडाण्यांचं काम. खाणीतही आम्ही आधी छताकडे नीट बघायचो आणि मगच लाकडाचा टेकू लावायचो. इथल्या पोरांना एवढा धीर नाही. चिशिम्बा म्हणून तुझ्या भाचीचा नवरा आहे, मिसरूड जेमतेम फुटलेली, माकडासारखा वर जातो. काल मी एका मुतोंदोच्या झाडाभोवती फिरत होतो तर वरून ओरडला, "काका, झाड वरच्या बाजूला असतं! खाली काय शोधताय, तांबं?"

गुडघ्याबद्दल तुला कुणी कळवलं? गुडघा दगडावर आपटला. दगड झाडाखाली होता. मी त्याच्या थोडा वर होतो. एवढंच.

तुझ्या आईबद्दल लिहायचं तर, महिनाभर एका अंगणात राहून मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. तू बापाकडे वसाहतीत लहानाची मोठी झालीस, तुला हे सांगावंच लागेल. ज्या जावयाला सासूनं रीतसर आत घेतलेलं नाही, त्यानं तिच्याकडे बघायचं नाही आणि तिनं त्याच्याशी बोलायचं नाही. चांगली काही वर्षं तो राबला की एक दिवस सगळी कालवणं रांधून त्याच्यापुढे मांडतात, त्याला आत घेतात, आणि तिथून पुढे दोघांची तोंडं मोकळी. मला कोण आत घेणार? मी सायकलवाला. त्यामुळे पायवाटेवर ती समोरून आली की मी गवतात उडी मारतो. खाणीत मोठ्या साहेबाच्या टेबलावर मूठ आपटणारा युनियनचा सेक्रेटरी, सत्तेचाळीस वर्षांचा, गवतात उकिडवा बसतो आणि म्हातारी जाईपर्यंत मुंग्या चावून घेतो.

पण ती बोलते. कोंबडीशी. काळी कोंबडी आहे एक, तिच्याजवळ मन मोकळं करते, माझ्या दारासमोर आणि मोठ्यानं.

"काळे, काही लोकांना ऊन डोक्यावर आलं तरी अंथरूण सोडवत नाही बघ. खाणीत सूर्यच नसतो, त्यांना तरी कसं कळणार?"

मी आतून उखळाला म्हणतो, "बाबा उखळा, काही लोकांनी रात्रभर न घोरता शेजारच्याला झोपू दिलं, तर शेजारचाही वेळेवर उठेल."

"काळे, घोरतेस ती तू. माझं नाव घेऊ नकोस म्हणावं त्याला."

सांगायचं म्हणजे एकटं वाटत नाही.

जुलैअखेर आलो नाही तर माझी खोली भाड्यानं देशील, असं तू लिहितेस. दे. भाडेकरू चांगला बघ आणि त्याला विजारीचा विनोद सांगू नकोस. सगळेच हसून सोडत नाहीत.

म्वापेचा बाप

१ जुलै

म्वापेच्या आईला,

तुला बातमी पोचलीच आहे, तर आता माझ्या तोंडून ऐक. हो, मी झाडं बुंध्याशी तोडली.

आधी हे ध्यानात घे की मी टेकूवाला आहे. खाणीत झाड येतं ते आडवं, फांद्या छाटलेलं, मापात कापलेलं. बावीस वर्षं मी झाड म्हणजे खोड एवढंच पाहिलं. कुठलंही झाड दिसलं की आधी माझ्या मनात येतं, हे किती वजन पेलेल? वर काय हिरवं हलतं त्याच्याशी आमचा संबंध नसे. तर गावाच्या त्या टोकाला, ओढ्याकडच्या उतारावर, जिथे चिशिम्बाची नजर पोचत नाही, तिथे मी काम सुरू केलं. बुंध्याशी बसायचं, घाव घालायचा, झाड आडवं झालं की आरामात फांद्या सोडवायच्या. काय सोपं! मला तर वाटायला लागलं, इतक्या पिढ्या हे लोक वर का चढत बसले? एकालाही सुचलं नाही? शुक्रवारपर्यंत अख्खा पट्टा मी मोकळा केला. खुंट असे सरळ, गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे.

शनिवारी बायका फांद्या वाहायला आल्या. पुढे तुझी आई. मी रीतीप्रमाणे पाठ फिरवून उभा. मागे आवाज नाही. बायका आणि आवाज नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"हे कुणी केलं?"

कोंबडी तिथे नव्हती. मी वळलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या आईचा चेहरा पाहिला. तुझाच आहे, फक्त जास्त वाळवलेला.

"मी," मी म्हणालो.

"डोळे आहेत का तुला, की तेही खाणीत जमा करून आलास? या झाडांच्या फांद्या माझ्या बापानं तोडल्या होत्या. पुन्हा फुटल्या. मग माझ्या नवऱ्यानं तोडल्या. पुन्हा फुटल्या. झाड म्हणजे काय पुरुष आहे, एकदा आडवा झाला की संपला?"

"फांद्या मिळाल्या ना? राखेला काय कळतं, चढून तोडल्या की बसून?"

"राखेला नाही कळत. तुझ्या नातवाला कळेल. तो इथे येऊन काय तोडणार, तुझं डोकं?"

बायकांनी तोंडावर फडकी धरली होती. हसत होत्या की घाबरल्या होत्या, कळत नव्हतं. आणि म्हातारी थांबेना.

"तुमच्या त्या भोकानं आमचे चढणारे खाल्ले. माझा नवरा खाल्ला, दोन मुलगे खाल्ले. गावात वर जायला पुरुष उरला नाही. हाताला येतील तेवढ्या काटक्या जाळायच्या आणि पसाभर राखेत पेरायचं, अशी वर्षं काढली मी. कसावाची मुळं खाऊन तुझ्या बायकोला दूध पाजलं. आणि इतक्या वर्षांनी त्या भोकातून एक परत आला, तर तो बुंध्याशी बसून सुतारकाम करतो!"

"भोक माझं नव्हतं," मी म्हणालो.

"पगार होता तेव्हा तुझं होतं. लग्नात आला होतास तेव्हा भिंतीपलीकडून ऐकत होते मी. दर वाक्यात आमची खाण, आमची खाण!"

आणि मग तिला एकदम कळलं. सगळ्यांनाच कळलं. आत न घेतलेल्या जावयाशी सासू बोलली होती, तोंडावर, आणि 'तू' म्हणून. ती जागच्या जागी फांद्यांवर बसली. एक म्हातारी हळूच म्हणाली, "बाई, निदान तिकडे तोंड करून तरी ओरडायचंस."

संध्याकाळी मामांनी दोघांनाही अंगणाच्या दोन टोकांना बसवलं. झाडांसाठी मला दंड, म्हणजे दुसऱ्या उतारावर नव्यानं काम, आणि ते चढून. रीत मोडल्याबद्दल तिला दंड, जावयाला एक कोंबडी. तिनं काळी दिली. जिच्याजवळ इतके दिवस माझी निंदा केली तिलाच माझ्या ताटात वाढलं. मी सगळी खाल्ली.

"आता गप्प बसणं पुन्हा शिवता येणार नाही," मामा म्हणाले. "बोला. पण याला आत घेतलेलं नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा."

म्हणजे असं, की मला घरात जागा नाही, पण बोलणी खायला आहे. मी माफी मागितलेली नाही. तीही मागणार नाही. उद्यापासून वर चढणार आहे. तिच्या शब्दासाठी नाही. रागानं. रागानं माणूस बराच वर जातो असा माझा अंदाज आहे.

म्वापेचा बाप

१९ ऑगस्ट

म्वापेच्या आईला,

खाणीत अख्खा डोंगर डोक्यावर असतो आणि माणूस शीळ घालतो. इथे डोक्यावर आभाळ असतं, पायाखाली काही नसतं, आणि शीळ घालायला तोंडात ओल राहत नाही. पहिले दोन आठवडे मी झाडाला असा बिलगलो होतो की एवढ्या प्रेमानं तुलाही कधी धरलं नसेल. हे शेजारणींना वाचून दाखवू नकोस.

चिशिम्बानं शिकवलं. शिकवणं म्हणजे, शेजारच्या झाडावरून टोमणे.

"काका, खाली बघू नका!"

"का, चक्कर येईल?"

"नाही, खाली सासू आहे!"

ती खरंच खाली उभी असते. हात कमरेवर. "डावा पाय. डावा! डावा कोणता ते खाणीत शिकवलं नाही? तुझ्यापेक्षा माझी शेळी बरी, निदान सांगितलेलं ऐकते." मी वरून म्हणतो, "सासूबाई, शेळीलाच जावई करून घ्यायचं होतंत." ती म्हणते, "शेळीनं मागणी घातली नाही."

इथली एक रीत मला आवडली. सगळ्यात वरचा शेंडा पाडताना आरोळी द्यायची, स्वतःची बढाई मारायची, जितकी मोठी तितकी चांगली. पोरं म्हणतात, मी गरुडाचा भाऊ, मी वाऱ्याचा जावई. मला पहिला शेंडा मिळाला तो मागच्या बुधवारी. काय ओरडावं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, "मी तो, ज्याच्या टेकूवर डोंगर उभा होता! आणि त्यांनी मला काढलं, डोंगराला नाही विचारलं!" शेंडा पडला. मग चिशिम्बा म्हणाला, "लांब आहे काका, पण चालेल."

त्याच आठवड्यात लुसाकाहून सरकारी माणूस आला. कोण काय काम करतं ते विचारत हिंडणारा, चकचकीत बुटांचा.

"धंदा?"

"खाणकामगार."

"इथे खाण कुठे आहे?"

"मीही तेच म्हणतो. कुठे आहे?"

"मागच्या आठवड्यात काय काम केलंत, काका?"

"झाडावर होतो."

"म्हणजे शेती," म्हणाला आणि लिहूनही टाकलं. वर मला समजावलं, की देशभर असंच दिसतंय. लोक पुन्हा जमिनीकडे वळताहेत, शेतीत हात वाढताहेत. रेडिओवरही सांगितलं, म्हणे. आनंदानं वळताहेत, असं म्हणाले का, मी विचारलं. तो हसला. चांगला पोरगा होता, पण त्याच्याकडे रकाने कमी होते. तुझ्या आज्याला गावातून उपटून खाणीत टाकलं तेव्हा त्याला प्रगती म्हणाले. मला खाणीतून उपटून झाडावर टाकलं, तीही प्रगती. तू विजारी विकतेस आणि आपली म्वापे लुसाकात फोनची कार्डं विकते, तर तुम्हा दोघींना सेवा क्षेत्र म्हणतात, असं तो सांगत होता. सेवा! तुझ्या तोंडची सेवा मी वर्षभर घेतलेली आहे.

तेवढ्यात तुझी आई आली. "काय लिहिलंस रे याच्यापुढे?"

"शेतकरी, आजी."

"खोडून टाक. हा कसला शेतकरी! याला अजून डावा-उजवा कळत नाही. जावई लिही."

"आजी, जावई हा काही धंदा नाही."

"इथे आहे. बावीस वर्षांची थकबाकी आहे याच्याकडे."

त्यानं तिला विचारलं, तुम्ही काय करता? "मी? मी बसून असते," ती म्हणाली, आणि त्याच्याहून उंच फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन निघून गेली. त्यानं मान हलवून ते लिहून घेतलं.

माझा राब आता माणसाच्या उंचीएवढा झालाय. मामा रोज त्याच्याभोवती एक फेरी मारतात.

म्वापेचा बाप

३० सप्टेंबर

म्वापेच्या आईला,

या वेळच्या पत्रात तू एकही टोमणा मारलेला नाहीस, त्यामुळे मी आधी घाबरलो. घरची वीज तोडली, गाळ्यावर गिऱ्हाईक नाही, तुझी पाठ धरलीय, आणि "मी दमले, आता ये," एवढंच. आणि खाली लॅक्सनचा निरोप.

लॅक्सन माझ्या हाताखाली टेकू धरायचा. आता खाणीतल्या कंत्राटदाराचा मुकादम झालाय, बरं झालं. त्याचा निरोप मी तीनदा वाचला. जुनी जागा परत, कायमची. दवाखान्याचं कार्ड. बूट. बूट या शब्दावर मी बराच वेळ थांबलो, हे कबूल करतो. इथे सकाळी गवतातून जाताना पाय कसे होतात ते तुला ठाऊक नाही. आणि बदल्यात काय? फक्त येताना न्साम्बाची चांगली तरणी पोरं घेऊन यायची. उंचावर न घाबरणारी. कंत्राटदाराला कळलंय की इकडची पोरं चढण्यात पटाईत असतात. नवा मनोरा बांधायचाय त्याला.

मी पोरं नेणार नाही.

एकट्याला बोलावलं असतं तर काय केलं असतं, ते मी लिहीत नाही. तू मला ओळखतेस, काढ अंदाज. पण लॉरी घेऊन गावात यायचं, तुझ्या आईसमोर उभं राहायचं आणि उरलेले चढणारे मोजून गाडीत भरायचे, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तिच्या बापाच्या वेळी असाच एक माणूस आला होता. त्याच्याही पायांत बूट होते. त्याचं नाव इथे अजून थुंकून घेतात.

लपवलं मात्र नाही. पोरांना सगळं सांगितलं, चुलीशी बसून. वाटलं होतं, पाठ थोपटतील. चिशिम्बा उठून उभाच राहिला.

"म्हणजे काका, तुम्ही बावीस वर्षं बूट घालणार, तुमच्या पोरीला शाळेत घालणार, आणि आम्हाला सांगणार, झाडावरच राहा?"

"मी राहा म्हणत नाही. मी नेणार नाही, एवढंच म्हणतो."

"फरक काय पडला?"

"तू पडलास वरून, तर तुझ्या सासूला मी तोंड कसं दाखवू?"

"तिला तर मी अजून माझंच तोंड दाखवलेलं नाही," तो म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही.

त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही, आणि हाच सगळ्यात मोठा वैताग आहे. मी शेतीचा भाट झालेलो नाही. मला माती आवडत नाही, नाचणी दाताखाली कचकचते, आणि राखेनं खोकला येतो. पण एका माणसाला एक जागा हवी तर त्यानं एक गाव रिकामं करून द्यावं, हा हिशेब मला खाणीतही मान्य नव्हता. म्हणून तर काढताना यादीत माझं नाव वर होतं.

लॅक्सनला सांग, त्याचा जुना साहेब नाही म्हणाला. विजेचं मी काही करू शकत नाही. तू करू शकतेस. लॉरी दर मंगळवारी इकडे येते.

म्वापेचा बाप

४ नोव्हेंबर

म्वापेच्या आईला,

आग लागली. म्हणजे लावली. मामांनी मागच्या सोमवारी शब्द दिला आणि सगळ्या उतारांवरचे राब एकदम पेटले. माझा नीट रचलेला होता, शेवटपर्यंत जळला, मधे कच्चं काही उरलं नाही. तुझ्या आईनं दुसऱ्या दिवशी राखेत हात घालून बघितलं, मनगटापर्यंत. म्हणाली, "काहीच नाही त्यापेक्षा बरं." बायका म्हणतात, असं कौतुक तिनं आजवर कुणाचं केलेलं नाही.

तेव्हा मी पाहुणा नाही. हे पहिलं कळवायचं होतं.

दुसरं म्हणजे, गुरुवारी कंत्राटदाराची लॉरी आली. मी पोरं नेली नाहीत म्हणून लॅक्सन स्वतःच आला. अंगात पिवळं जाकीट, पायांत बूट, आणि मला बघून असा गळ्यात पडला की जणू मी मेलो होतो. पोरं आधीच गाठोडी घेऊन उभी. मी लॉरीसमोर जाऊन उभा राहिलो. युनियनची जुनी खोड आहे, गेट असो की लॉरी, मी आडवा उभा राहतो.

"लॅक्सन, पोरांना बूट आधी घाल. मग बसव."

"बूट तिकडे मिळतील, बॉस."

"हाडं मोडली तर दवाखाना?"

"तिकडे बघू."

"किती दिवसांचं काम, ते यांना सांगितलंस?"

"सगळं तिकडे गेल्यावर, बॉस! तुम्ही काय आता, शेतकरी माणूस. बाजूला व्हा. तुमची जागा ठेवली होती, ती गेली समजा."

"ती मागच्या वर्षीच गेली," मी म्हणालो. "हे ऐका रे सगळ्यांनी! आम्हालाही सगळं तिकडेच मिळणार होतं! बूट इथे मागा! आत्ता मागा, लॉरी सुरू व्हायच्या आधी! सुरू झाल्यावर मागणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही!"

दोघं खाली उतरले. एकाची बायको आनंदानं रडली, दुसऱ्याची रागानं. बाकीचे बसून राहिले. पण चिशिम्बानं लॉरीच्या फळीवर उभं राहून विचारलं, "बूट कुठे आहेत?" आणि लॅक्सनला, सगळ्यांसमोर, पुढच्या सीटखालून एक खोकं काढावं लागलं. होते त्याच्याकडे! तिकडे गेल्यावर पगारातून कापून द्यायचे होते. चिशिम्बानं जोडी घातली, पाय आपटून बघितले, आणि मला म्हणाला, "काका, लांब होतं, पण चाललं." आणि गेला. मी त्याला अडवू शकलो नाही, आणि खरं सांगतो, अडवावं असं त्या क्षणी वाटलंही नाही. पोरगा अनवाणी गेला नाही. तुझा आजा अनवाणी गेला होता.

धूळ खाली बसल्यावर बायका तिथेच उभ्या राहिल्या. सगळ्यांची नजर झाडांकडे. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सभ्यपणानं. तुझी आई मोठ्यानं म्हणाली, "आता मे महिन्यात वर कोण जाणार?" ती माझ्याजवळ आली आणि जवळ उभी राहिली. या गावात सासू एवढ्या जवळ उभी राहत नाही. म्हणाली, "डावा पाय तरी आता कळतो तुला."

पेरणी झाली की ती मला आत घेणार आहे. इतक्या लवकर कुणालाच घेत नाहीत. मामा कुरकुरले, तर ती त्यांना म्हणाली, "रीत पाळायला चार जावई लागतात. माझ्याकडे एक आणि एक खोकला आहे." खोकला म्हणजेही मीच. कालवणं ती रांधेल, पण ती जावयापुढे मांडायचं काम त्याच्या बायकोचं असतं. बायको नसेल तर तिच्या बहिणीचं. म्हातारीनं तुझ्या बहिणीला निरोप धाडलेला नाही. मीही तुला ये म्हणत नाही. मला कुणाला ये म्हणून बोलवायचं जमत नाही आणि जा म्हणून ऐकायचंही.

फक्त एवढं कळवतो. पुढच्या मे महिन्यात या गावातल्या सगळ्यात उंच झाडाच्या सगळ्यात वरच्या फांदीवर जो माणूस असेल, तो पन्नाशीकडे झुकलेला, एका गुडघ्यानं लंगडा, खाणीतून हाकललेला आणि एकाच नोकरीला दोनदा नाही म्हणालेला असेल. लॉरीतून उतरलेले ते दोघं अजून शिकाऊच, तेव्हा त्याच्यापेक्षा पटाईत इथे कुणी उरलेला नाही. तुला हसायचं असेल तर झाडाखाली येऊन हस. तिथून इथवर मला काही ऐकू येत नाही.

म्वापेचा बाप